शिशावरची दाताची खूण

मामांचे समोरचे दोन दात झिजून चपटे झाले होते. ते दात त्यांनी कामात घालवले. शिसं मऊ आहे की त्यात कुणी काही भेसळ केली आहे, हे ते चावून बघत. दाताची खूण उमटली की म्हणायचे, "पास!"

आमच्या नाटक कंपनीत ते पडद्याचे कारागीर होते. मखमलीचा पडदा वाऱ्याने फडफडू नये म्हणून त्याच्या खालच्या काठात शिशाची वजनं शिवतात. ती मामा ओतायचे. स्वतः इतके किडकिडीत, की आम्ही त्यांचं नाव वजनमामा ठेवलं. मी राजांच्या भूमिका करायचो, म्हणून मी त्यांचा महाराज. प्रयोग संपला की पडद्यामागे गाठून कानात सांगत, "महाराज, दुसऱ्या अंकात पडदा तुमच्यापेक्षा बरा पडला." माझ्या कामाचं इतकं खरं परीक्षण दुसऱ्या कुणी केलं नाही.

पुढे थिएटर बंद झालं. मामांनी भट्टी, पळी आणि साचे घरी नेले, मागच्या खोलीत मांडले आणि गळाने मासे धरणाऱ्यांसाठी गोळ्या ओतायला सुरुवात केली. वाटाण्याहून लहान गोळी, मधे एक चीर. चिरेत गळाचा दोरा ठेवायचा, दाबायचं, झालं वजन तयार. घरामागेच मोठं तळं होतं आणि काठावर गळ टाकून बसणारे लोक. गिऱ्हाईक दारात चालून यायचं.

मी आठवड्यातून दोनदा तिथे चहाला जायचो. मामांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा जहाजावर, सहा सहा महिने बाहेर. घरात सून आणि अडीच वर्षांची नात. नातीला सगळे बिट्टी म्हणत. ती आजोबांच्या टेबलाखाली बसून खेळायची. टेबलावर, खिडकीच्या चौकटीवर, फरशीच्या फटींत करड्या रंगाची बारीक पूड असे. एकदा बिट्टीने खाली पडलेली गोळी उचलली, तोंडात घातली, चावली, बाहेर काढून बघितली आणि बोबड्या आवाजात ओरडली, "पाश!"

मामा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आणि मी टाळ्या वाजवून म्हणालो, "वन्स मोअर!"

हे लिहिताना हात थांबतो. पण मी ते म्हणालो होतो, आणि तिने पुन्हा करून दाखवलं होतं.

त्या वर्षी थंडीत तळ्यावरची रानबदकं आजारी पडली. मामा रोज सकाळी त्यांना बघत, म्हणून त्यांच्या लक्षात आधी आलं. दोन-तीन बदकं थव्याबरोबर उडेनात. पंख अंगाला चिकटून न राहता उतरत्या छपरासारखे खाली लोंबायचे. मान धरवत नसे. एक मादी काठावरच्या गवतात बसून राहिली, मामा जवळ गेले तरी हलली नाही. त्यांनी तिला टॉवेलात गुंडाळलं आणि सरळ माझ्या दारात आले.

"महाराज, चला. हिला डॉक्टरकडे न्यायचंय. मी एकटा गेलो तर मला वेड्यात काढतील."

"आणि दोघं गेलो तर?"

"तर तुम्हाला काढतील. तुमचं दिसणं तसं आहे."

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण बाई होती. तिने बदकाच्या छातीवरून बोट फिरवलं. मांस उरलंच नव्हतं, मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलं होतं. शेपटीखालची पिसं हिरव्या विष्ठेने माखली होती. तिने एक्स-रे काढला आणि उजेडासमोर धरला. बदकाच्या पोटात तीन पांढरे शुभ्र ठिपके होते.

"शिसं," ती म्हणाली. "पक्ष्यांना दात नसतात ना. ते बारीक खडे गिळतात, आणि पोटातल्या जात्यात त्या खड्यांनी दाणा दळतात. तळाशी पडलेली गळाची गोळी त्यांना खडाच वाटते. मग शिसंही दळलं जातं, रक्तात उतरतं. हे या महिन्यातलं सातवं बदक."

मामा एक्स-रेच्या अगदी जवळ गेले. दोन ठिपके झिजून वाटोळे झाले होते. तिसरा ताजा होता. त्याच्या एका बाजूला केसाएवढं टोक बाहेर आलेलं दिसत होतं. मामांच्या जुन्या साच्याला एका जागी टवका उडालेला होता. त्या खाचेतून येणाऱ्या प्रत्येक गोळीला ती शेंडी असे. मला ते माहीत होतं, कारण ती शेंडी कापूनही पुरती निघत नसे आणि ते दर वेळी साच्याला शिव्या घालत.

"वाचेल का?" मामांनी विचारलं.

"नाही वाटत. फार उशीर झालाय. मोठ्या पक्ष्याची ही गत, पिल्लांच्या तर मेंदूपर्यंत पोचतं." मग टॉवेल घडी करता करता ती सहज म्हणाली, "लहान मुलांचंही तसंच असतं. खात नाहीत, पोट दुखतं, चिडचिड करतात. लोकांना वाटतं जंत झालेत."

मी मामांकडे बघितलं. मी चाळीस वर्षं रंगमंचावर घाबरलो आहे. डोळे विस्फारले आहेत, भिंतीला पाठ लावून थरथरलो आहे. मामांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी फक्त आपले दोन्ही तळवे उलटे करून बघितले आणि मग कोटाच्या खिशात घातले.

बिट्टी पंधरा दिवसांपासून जेवत नव्हती. पोटावर हात ठेवून रडायची.

हा सोमवार होता. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सुनेला आत्ताच्या आत्ता सांगा."

"सांगतो."

"मी येऊ बरोबर?"

"नको. सांगतो म्हटलं ना."

मंगळवारी गेलो तर मामांनी मागच्या खोलीला कुलूप लावलं होतं. सुनेला सांगितलं होतं, भट्टीची जाळी फुटली, दुरुस्तीला दिली. बुधवारी ते हात आणि गुडघे टेकून स्वयंपाकघराची फरशी ओल्या फडक्याने पुसत होते. सून हसून मला म्हणाली, "बघा की काका, बाबांना काय झालंय! तीन दिवस झाले, फडकं सोडत नाहीत. मी माहेरी गेले तर घर काचेचं होईल." मामा वर न बघता पुसत राहिले.

मी त्यांना बाहेर ओढलं. "मामा, हा काय खेळ आहे?"

"महाराज, ती पोरीला घेऊन जाईल."

"जाऊ दे! जायलाच हवं!"

"मुलगा समुद्रात. ती गेली की या घरात मी आणि ते साचे." त्यांनी हातातलं फडकं पिळलं. "आणि समजा तसं काही नसेलच तर? नुसते जंत असतील तर? उगाच..."

"तर तपासणीत कळेल."

"तेच तर," ते म्हणाले. "कळेल."

शुक्रवारी सून बिट्टीला मुलांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाली. मामा म्हणाले, मीही येतो. मी दारातच भेटलो, म्हणून मीही. डॉक्टरांनी पोरीचं पोट दाबून बघितलं, डोळ्यांची खालची पापणी ओढली. "रक्त कमी दिसतंय. जंतांचं औषध देतो, आठ दिवसांनी आणा." कागद पुढे ओढून ते लिहायलाही लागले.

सुटण्याचा रस्ता समोर उघडा होता. मामा गप्प बसले असते तर आम्ही ते औषध घेऊन घरी आलो असतो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा उभे राहिले. खुर्ची मागे कलंडली.

"डॉक्टर, तिच्या रक्तातलं शिसं तपासा. मी घरात शिसं ओततो. तिने गोळ्या तोंडात घातल्यात. पुष्कळदा. मी हसत होतो."

डॉक्टरांचं पेन थांबलं. सुनेने बिट्टीला मांडीवर जरा घट्ट धरलं.

"तुम्हाला कधी कळलं, बाबा?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार आहे," ती म्हणाली.

एवढंच. आवाज चढवला असता तर मामांना सोसलं असतं. दवाखान्यातून ती थेट तिच्या आईकडे गेली, कपडे घ्यायलाही घरी आली नाही. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, त्या घरातलं काही नेऊ नका, खेळणीसुद्धा.

अहवाल यायला पाच दिवस लागले. मामा त्या दिवसांत तळ्याच्या काठाने फिरले. गळ टाकून बसलेल्या एकेका माणसासमोर उभे राहून आपल्याच गोळ्या परत मागत होते. "द्या त्या इकडे. पाण्यात सोडू नका. आणि दातांनी तर अजिबात दाबू नका." कुणी देत, कुणी म्हातारा सरकला म्हणून हसत. गवतात आणखी एक बदक मरून पडलेलं सापडलं. मामा त्याच्याजवळ बराच वेळ उकिडवे बसले होते. माझी हाक त्यांना ऐकू आली नाही.

बिट्टीच्या रक्तात शिसं निघालं, बरंच. दवाखान्यात ठेवण्याइतकं नव्हतं. लोह, कॅल्शियम, चांगलं खाणं, आणि त्या घरापासून लांब. दर महिन्याला पुन्हा तपासणी. "आकडा उतरेल," डॉक्टर म्हणाले. "आतापर्यंत जे झालं असेल ते आज सांगता येत नाही. शाळेत जाईल तेव्हा थोडं कळेल." डॉक्टरांनी मामांचंही रक्त तपासायला लावलं होतं; त्यांचा आकडा तिच्या पाचपट होता. तो कागद त्यांनी न वाचता माझ्या हातात दिला.

मागची खोली रिकामी केली. फरशी उखडली, रंग काढला, भट्टी आणि साचे धातू गोळा करणाऱ्या सरकारी गाडीत गेले. तिसऱ्या महिन्यात आकडा निम्म्यावर आला आणि सुनेचा फोन आला. "रविवारी या. अंघोळ करून, नवे कपडे घालून या. चपला बाहेर काढा."

मीही गेलो. बिट्टीचे गाल जरा भरले होते. तिने आजोबांकडे बघितलं आणि काहीतरी सांगायला गेली, शब्द सापडला नाही, मधेच थांबली. त्या वयाची मुलं थांबतातच. पण मामांचा चेहरा पांढरा पडला. आता ही शब्द विसरली, अडखळली, पडली, की त्यांना हेच वाटणार, ती मोठी होईपर्यंत.

"घ्या ना तिला," सून म्हणाली. तिचा आवाज पहिल्यासारखा नव्हता, पण तिने पोरीला पुढे केलं होतं.

मामांनी हात पुढे केले आणि परत घेतले. "एकदा धुऊन येतो."

"बाबा, आत्ताच धुतलेत तुम्ही. दोनदा."

"आणखी एकदा," ते म्हणाले आणि आत गेले. बिट्टी आईच्या हातांतून दाराकडे झुकून बघत राहिली. आतून नळाचा आवाज येत होता, साबणाची डबी आपटल्याचा, पुन्हा नळाचा. आम्ही तिघं उभेच होतो.