आप्पा खरे निघाले

स्वतःचं हसं कसं करून घ्यावं याचं शिक्षण फुकटात हवं असेल, तर बसा माझ्यापाशी. चहा उकळेस्तोवर सांगून होईल.

साधा मंगळवार होता. यवतच्या शाळेतून घरी आलो, कुकर लावला. एकट्याचा भात लावायला वर्षभरात शिकलोय. पाणी मात्र अजून दोघांचं पडतं. तेवढ्यात मोबाईल वाजला. गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ, आणि व्हिडिओत कोण? आप्पा!

आप्पा म्हणजे आमचे माजी सरपंच. या खेपेला त्यांची सून वैशाली सरपंचपदाला उभी होती, रविवारी मतदान. आप्पांनी आधी सुनेसाठी मत मागितलं, आणि मग म्हणाले, "सुनंदाबाईंनी म्हैला ग्रामसभा भरवली तवा मी लई आडवा आलो. बाईंचं बरुबर हुतं. मी चुकलो."

सुनंदा माझी बायको. अंगणवाडीत होती. गेल्या वर्षी गेली.

मी व्हिडिओ तिथंच थांबवला. आप्पा, आणि 'मी चुकलो'? अहो, हा माणूस एकदा सोलापूरऐवजी पुण्याच्या एसटीत बसला, तर कंडक्टरलाच म्हणाला, "तुमची गाडी उलटी चाललीय!"

आता माझं दुर्दैव बघा. पंधराच दिवसांपूर्वी मी शिरूरला एक प्रशिक्षण करून आलो होतो. निवडणुकीतले एआयचे खोटे व्हिडिओ कसे ओळखावेत! दोन तास, दोन बिस्किटं आणि एक प्रमाणपत्र. ते मी लॅमिनेटसुद्धा करून घेतलं होतं. एवढं ज्ञान वाया घालवायचं?

व्हिडिओ मागं घेतला, तसूतसू तपासला. आप्पांच्या तोंडात एकूण दात चार, इथं पांढरीशुभ्र रांग. ओठ एकीकडं, आवाज दुसरीकडं. पापणी लवत नाही. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे एवढं बोलले, पण तोंडात एक शिवी नाही!

खरं सांगतो, राग आला. गेलेल्या माणसाच्या नावावर मतं मागता? आधी माझ्याकडचा पुसला, मग ग्रुपवर लिहिलं, 'हा व्हिडिओ एआयने बनवलेला आहे. चार पुरावे खाली दिले आहेत. ताबडतोब डिलीट करा. जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतो.'

आणि गावानं ऐकलं हो! ओला कचरा, सुका कचरा म्हणून वीस वर्षं घसा कोरडा केला, एकानं ऐकलं नाही. हे मात्र दहा मिनिटांत!

सकाळी दारात आप्पा. मागं वैशाली.

"मास्तर, मी खरा हाय का खोटा, तेवढं बघून सांगा."

"आप्पा, तुम्ही खरेच. पण तो व्हिडिओ... ते दात..."

आप्पांनी तोंडात बोटं घातली, अख्खी कवळी बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "ह्ये घ्या तुमचं एआय."

ओली होती.

"उरलेले दात काढून परवाच बसवली, सर. सैल हाय," वैशाली म्हणाली. "म्हणून ओठ आन् आवाज जुळंना. आन् मत कसं मागायचं ते मी पुठ्ठ्यावर लिहून मोबाईलमागं धरलं हुतं. पापणी लवली की ओळ चुकायची त्यांची. शिव्या मीच काढून टाकल्या."

"आणि ते 'मी चुकलो'?"

"त्ये पुठ्ठ्यावर न्हवतं," आप्पा बोळक्या तोंडानं म्हणाले.

मी कवळी हातात धरून उभा.

"लोकं काय म्हणत्यात ठावं हाय का?" वैशालीचा आवाज चढला. "सासऱ्याचा खोटा व्हिडिओ करणारी गावाचं काय भलं करंल? पडले तर पडले, सर. पण खोटी म्हणून न्हाई पडायचं मला."

मी लगेच ग्रुपवर लिहिलं, 'व्हिडिओ खरा आहे. चूक माझी. क्षमस्व.'

उत्तर आलं, 'सरांचा मोबाईल हॅक झालाय.'

मग मी स्वतःच्या आवाजात निरोप पाठवला, "मंडळी, मी स्वतः बोलतोय. माझी चूक झाली."

त्यावर माझाच एक जुना विद्यार्थी लिहितो, 'आवाज हुबेहूब जमवलाय. पण सर आयुष्यात कवा चूक झाली म्हणत न्हाईत. एआयच हाय. डिलीट करा.'

खाली अंगठेच अंगठे!

काय करणार? भर उन्हात वैशालीबरोबर घरोघर फिरलो. दारात उभं राहून सांगायचं, "मी खरा आहे. आप्पाही खरे आहेत." एका आजीनं खात्रीसाठी माझ्या दंडाला चिमटा काढला. मी ओरडलो तेव्हा म्हणाली, "व्हय गं, सरच हायेत. शाळंत पन असंच वरडायचे."

वैशाली काठावर निवडून आली. चिमटा कामी आला म्हणायचा.

गुलाल धुऊन झाल्यावर मी तिला म्हणालो, "तो व्हिडिओ पाठव ना मला. मी जेमतेम मिनिटभर पाहिला. दातच बघत बसलो होतो."

"आमच्या ह्यांच्या मोबाईलवर काढला हुता, सर. तुम्ही गुन्हा म्हणालात, तवा सगळ्यात आधी ह्यांनीच डिलीट केला," वैशाली म्हणाली.

अख्ख्या गावात विचारलं. कुणाकडं नाही. सगळ्यांनी माझं ऐकलेलं!

"पुढं काय म्हणाले होते गं आप्पा?"

"बाईंचंच बोलत हुते, सर. शेवटपर्यंत. मी पुठ्ठा खाली ठेवून ऐकत बसले. त्यांनाच विचारा की. सांगतील."

तेव्हापासून तीनदा आप्पांकडं जाऊन आलो. चहा झाला, कांद्याचा भाव झाला, कवळी आता घट्ट बसल्याचंही ऐकलं.

ते मात्र मी अजून विचारलेलं नाही.