मास्तर म्हणाले, बस

दादा स्टुलावर बसला आणि मी दारातच उभी राहिले. आत छताला टेकलेले कागदाचे गठ्ठे, मधे लांबलचक टेबल. टेबलाच्या टोकाला दातांत दोरा धरून वही शिवणारे मास्तर, आणि त्यांच्या बाजूला एक मावशी बादलीत पाणी ओतून खळ कालवत होत्या. खळ म्हणजे पुठ्ठे चिकटवायचा पिठाचा लगदा. दादाने दारातूनच विचारलं होतं, "इथे काही काम मिळेल का?" मास्तरांनी मानही वर केली नाही. म्हणाले, "बस."

मग दादा बसला. खिडकीखाली गादीचं एक स्टूल मोकळं होतं, त्यावर.

मी हाताने विचारलं, पुढे काय? त्याने डोळे मोठे केले, म्हणजे तू जा आता. मी गेले. मला माझं काम होतं, समोरच्याच लाँड्रीत.

दादा तेव्हा वीसचा होता आणि मी सतराची. शहरात येऊन आम्हाला नऊ दिवस झाले होते. येताना काम ठरलेलं नव्हतं. "काहीच न ठरवता कसे आलात?" असं जो तो विचारायचा. दादा म्हणायचा, "ठरवायला आधी यायला लागतं ना?" यात चूक काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. वडिलांनी एक महिना दिला होता. महिन्यात कामाला लागला तर ठीक, नाही तर काका येऊन दोघांना घेऊन जाणार. दादाला स्वतःच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे मोजायला बसवणार आणि मला परत नववीत. नववी मी भांडून सोडली होती. माझं जाऊ दे, पण काकांच्या दुकानात दादाने याआधी दोन वर्षं काढली होती. तिथे त्याला सगळे "ए मठ्ठ" म्हणायचे, गिऱ्हाईकंसुद्धा. दादा मठ्ठ नाही. तो ऐकतो तेवढंच धरतो, आणि लोक बोलतात एक आणि त्यांच्या मनात असतं दुसरं. यात मठ्ठ कोण?

आता हेच बघा. पहिल्या आठवड्यात तीन ठिकाणी त्याला सांगितलं, "कळवतो." तर दादाने दोन दिवस मला फोनला हात लावू दिला नाही. "अगं भिंगरे, ते कळवायला लागले आणि फोन लागला नाही तर?" मी एका जागी बसत नाही म्हणून घरचे मला भिंगरी म्हणतात. मी म्हटलं, "दादा, कळवतो म्हणजे नाही." तो म्हणाला, "मग नाही म्हणायला काय झालं होतं?" मलाही ते शहर कळत नव्हतं. स्टेशनच्या एका दाराने बाहेर पडलं की एक गाव आणि दुसऱ्या दाराने पडलं की भलतंच. आमच्या गल्लीत नऊ नंबरच्या पुढे थेट अकरा. दहा कुठे गेला म्हणून दादा अर्धा तास फिरला, दहा समोरच्या बाजूला होता. दुकानांची दारं आम्ही ढकलायचो तर ती ओढायची असायची. ओढली की आतून कोणीतरी बोट दाखवायचं, बाजूच्या दाराकडे.

मला काम दुसऱ्याच दिवशी मिळालं. लाँड्रीवाल्या काकूंची दोरी तुटली, ओल्या चादरी रस्त्यात पडायच्या आत मी झेलल्या, झालं. वरची खोलीही त्यांनीच दिली. तिथे दिवसभर चादरी वाळत असायच्या. आम्ही वाकून आत जायचो आणि लोकांच्या चादरींखाली जेवायचो. इस्त्रीच्या टेबलापासून समोर बघितलं की बाइंडिंगच्या कारखान्याची खिडकी आणि खिडकीत दादाची मान.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती मान तिथेच होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"बसलो."

"आणि?"

"आणि सुट्टी झाली. सगळे उठले, मी उठलो."

"उद्या या म्हणाले?"

"येऊ नको म्हणाले नाहीत."

दुसऱ्या दिवशी तो नऊच्या आधी दारात. पुन्हा त्याच स्टुलावर. दुपारी मास्तर त्याच्याजवळ येऊन म्हणाले, "जरा सरकता का? मागचा गठ्ठा काढायचाय." हे दादाने मला संध्याकाळी सांगितलं आणि आम्ही दोघं विचारात पडलो. काल 'बस' आणि आज 'सरकता का'? मास्तर पन्नाशीचे. मावशींना ते 'ए बाई' म्हणायचे, पुठ्ठे पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याला 'लेका' म्हणायचे, कटिंग मशीनला तर काय काय म्हणायचे. आणि वीस वर्षांच्या दादाला अहोजाहो?

"तुझा काही अपमान करतायत का?" मी विचारलं.

"अहो म्हणून?"

"टोमणा असेल."

"टोमण्यासारखं वाटलं नाही गं. घाबरल्यासारखं वाटलं."

तिसऱ्या दिवशी बसून बसून त्याचे पाय आखडले, म्हणून तो उठला आणि टेबलावरच्या कागदांना घड्या घालायला लागला. कोणी घाल म्हणालं नाही, कोणी नको म्हणालं नाही. मास्तर तिरक्या नजरेने बघत राहिले. चौथ्या दिवशी मावशींनी त्याच्यापुढे घडी दाबायची पट्टी सरकवली. पुढच्या आठवड्यात त्याने सुई उचलली. दादा काही विचारत नव्हता, नुसता मास्तरांच्या बोटांकडे बघायचा आणि रात्री माझ्या जुन्या शाळेच्या वह्या उसवून पुन्हा शिवायचा. वह्या कोऱ्याच होत्या, त्यामुळे नुकसान नव्हतं.

शनिवारी सगळ्यांना पगाराची पाकिटं मिळाली. दादाला नाही. त्याच दिवशी आईचा फोन आला. दादा म्हणाला, "हो, जातो रोज." आईने ऐकलं की काम लागलं. वडिलांना सांगितलं, वडिलांनी काकांना सांगितलं, आणि काका म्हणाले, महिना संपला की मी स्वतः बघून येतो.

त्या रात्री आमचं भांडण झालं.

"उद्या सरळ जाऊन विचार, मी कामाला आहे का?"

"विचारलं आणि नाही म्हणाले तर?"

"तर कळेल तरी!"

"आत्ता मला काम नाही असं कोणीही म्हणालेलं नाही."

"आहे असंही कोणी म्हणालेलं नाही, दादा!"

"मग बरोबरीत आहे की. बरोबरीत असताना खेळ कशाला सोडू?"

मी चादर ओढून तोंड फिरवलं. चादर गिऱ्हाइकाची होती, सकाळी पुन्हा धुवावी लागली.

मी मावशींनाही गाठलं. त्या खळीचे हात धुवायला आमच्या नळावर यायच्या. म्हटलं, "मावशी, माझा भाऊ तुमच्याकडे कामाला आहे ना?" त्या म्हणाल्या, "तुझा भाऊ होय? मला वाटलं कुठल्या शाळेतून शिकायला पाठवलाय." आता घ्या. मालक फक्त सोमवारी यायचे, खाली मान घालून वह्यांचे गठ्ठे तपासायचे आणि जायचे. दादाला बघून मान हलवायचे. दादाही हलवायचा. एवढीच त्यांची ओळख.

महिना संपला तो नेमका सोमवारी. काका सकाळच्या गाडीने आले. खोलीत चादरींमधून वाट काढता काढता त्यांचा चष्मा अडकला, त्यामुळे आधीच डोकं तापलेलं. "कुठे आहे कारखाना?" मी खिडकीतून बोट दाखवलं. "चल," म्हणाले. मी इस्त्री बंद केली आणि मागे धावले. काकू ओरडत होत्या, मी ऐकलं नाही.

दादा वही शिवत होता. काकांना बघून त्याचा दोरा तुटला.

"नमस्कार," काका मास्तरांना म्हणाले. मास्तरांनी "आं?" केलं. काकांनी आवाज चढवला, "मी याचा काका. हा तुमच्याकडे कामाला आहे का?"

मास्तर दादाकडे बघत म्हणाले, "ते मालकांना विचारा."

मालक गठ्ठ्यांमागून बाहेर आले. "मला काय विचारायचं? कामाला माणसं मास्तर ठेवतात."

"मी?" मास्तर म्हणाले. "हे तर तुमचे ना?"

"माझे कोण?"

"हे. तुमच्या स्टुलावर बसलेले. मला वाटलं तुमचे पाहुणे. लक्ष ठेवायला पाठवलंय म्हणून."

"मला वाटलं तुम्ही ठेवलात!"

मावशी हसायला लागल्या, अशा की बादलीवर बसल्या. काकांनी दादाच्या दंडाला धरलं. "इतके दिवस इथे बसलास? नुसता? चल. सामान आण." दादाचा चेहरा दुकानात असायचा तसा झाला. तो उठायला लागला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "नुसता कुठे बसलाय? त्या सगळ्या वह्या कोणी शिवल्या, विचारा की!"

"तू गप गं," काका म्हणाले.

"नाही होणार गप. विचारा!"

मालकांनी कोपऱ्यातल्या ढिगाकडे बघितलं. जाडजूड नोंदवह्या, एका हॉस्पिटलसाठीच्या. "या मास्तरांच्या ना?"

"वरच्या माझ्या," मास्तर म्हणाले. "खालच्या सगळ्या यांच्या."

मालकांनी खालची एक ओढून काढली. उघडली, पाठ मोडून उलटी दाबली, पानं धरून वही हवेत हलवली. एकही पान हललं नाही. मग दुसरी. दुसऱ्या वहीत त्यांना काहीतरी दिसलं, कपाळाला आठी पडली. "हा भाग उलटा शिवलाय. पान तेहेतीस डोक्यावर उभं आहे."

दादा म्हणाला, "ती पहिली होती."

"याच्यानंतरच्या?"

"सरळ आहेत," मास्तर म्हणाले. "मी बघितल्यात. हात बसलाय."

काका म्हणाले, "अहो, पण याला कामावर कोणी ठेवलेलंच नाही!"

मालकांनी वही ढिगावर टाकली. "नसेल ठेवला. पण हात बसलेल्या माणसाला उठवायचा कसा? बसलाय तर बसू दे. फक्त माझं स्टूल सोड म्हणावं, कंबर जाते माझी."

दादा चटकन उठला. कुठे बसू ते त्याला कळेना, तो टेबलाभोवती एक चक्कर मारून पुन्हा तिथेच आला. तेव्हा मास्तर ओरडले, "ए लेका, उभा काय राहिलास? ते लाकडी घे आणि सरक तिकडे!"

दादाने माझ्याकडे बघितलं. महिन्याभरात पहिल्यांदा त्याला कोणीतरी ए लेका म्हणालं होतं. त्याला तेवढं पुरलं. काका दुपारच्या गाडीने परत गेले. जाताना म्हणाले, "याला नोकरी लागली म्हणायचं नाही, बसली म्हणायचं." गावात हा विनोद त्यांनी वर्षभर चालवला. चालवू दे. दुकानात खिळे त्यांचे तेच मोजत होते.

संध्याकाळी चादरींखाली जेवताना दादाने विचारलं, "भिंगरे, म्हणजे आता आहे ना काम?"

"आहे रे."

"तसं कोणी म्हणालं का पण?"

मी आठवून बघितलं. तसं कोणीच म्हणालं नव्हतं.

या गोष्टीला सात वर्षं झाली. मास्तर गेल्या वर्षी घरी बसले, आता त्या टेबलाच्या टोकाला दादा असतो, दातांत दोरा धरून. परवा मावशी आमच्या नळावर हात धुवत होत्या. मी सहज म्हटलं, "मास्तरांनी पहिल्या दिवशी दादाला बस म्हटलं नसतं तर आम्ही कुठे असतो कोण जाणे."

मावशी म्हणाल्या, "त्याला कधी म्हणाला? मशीनपाशी उभं राहून राहून दाराकडचा कान कधीच गेला होता मास्तरचा. तुझा भाऊ आला ते त्याला ऐकूसुद्धा आलं नाही. मी खळीत पाणी ओतत होते. ते जास्त व्हायला लागलं म्हणून मला म्हणाला, बस."