दचकण्याचा तास

किनाऱ्यावरच्या तारोडी गावातल्या अल्फान्सोच्या मते जगात दोनच जातीची माणसं होती: धड दचकता येणारी आणि ठोंबी. मीरा रोडच्या ज्या अ‍ॅनिमेशन क्लासात तो शिकवायचा, तिथे सगळी ठोंबीच भरली होती. उमेदीची वर्षं त्याने स्टुडिओत परदेशी कार्टूनची चित्रं हाताने काढण्यात घालवली. आता उरला होता आठवड्याचा एक तास, कार्टूनमधल्या दचकण्याच्या इतिहासाचा. तेवढ्यापुरता तो कुणीतरी असायचा.

"मुक्या पिक्चरांत नुसती टोपी उडायची," तो सांगायचा. "मग डोळे बाहेर आले, जबडा जमिनीला टेकला. मग आले टीव्हीवाले, चिंधीचोर! पैसे वाचवायला नुसत्या पापण्या हलवल्या. आणि तुम्ही? मोबाइलवर अंगठ्याने एक पिवळं तोंड पाठवता, झालं!" शेवटी फळ्यावर बडवून सांगायचा, "माणूस आधी आत दबतो, मगच उडतो." पोरं जांभया द्यायची.

"सर, हा तास बंद करतोय," क्लासचा मालक कौस्तुभ एकदा म्हणाला. "पब्लिक बोअर होतंय."

"माझा पिक्चर दाखवतो," अल्फान्सो गुरगुरला. "पोरं हसली नाहीत, तर तोंड दाखवणार नाही."

त्याने जीव ओतून पिक्चर काढला. नाखवा बांबूंवर वाळत घातलेले बोंबील काढायला जातो, तर बोंबलांच्या जागी ओळीने मांजरं लटकलेली. नाखवा दबतो, उडतो, डोळे हातभर बाहेर.

वर्गात कुणी हसलं नाही. अल्फान्सोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर, आधीच कळलं ना," पुढच्या बाकावरची आरोही म्हणाली. "दबला की उडणार. तुम्हीच शिकवलंय."

अल्फान्सोची मान खांद्यांत गेली. डोळे मिटले. मग तो टाचांवर ताडकन उंच झाला, डोळे वटारलेले, तोंड उघडं, आवाज मात्र नाही. वर्गात हशा फुटला. पोरं बाकांवर लोळली.

कौस्तुभ डोळे पुसत म्हणाला, "सर, तास चालू ठेवतोय. पिक्चर नको, दर वेळी हेच करा."

अल्फान्सो हो म्हणाला. नाही म्हणायला दुसरा तास कुठे होता?

"माकड करून ठेवलाय माझा," घरी येऊन तो बायकोवर, डॉरिसवर खेकसला. "गाढवा हाय सगळी!"

डॉरिसने मासळीवरून नजरही उचलली नाही. "घरान तं तू रोज असाच करतोस. आमाला आता हसू येत न्हाय, एवढाच."