गारखेड्यातलं तोंडपाठ घर

समाजआरोग्य शिकणाऱ्या डॉक्टरांना मी घरोघर हिंडवतो. परीक्षेत त्यांना एक कुटुंब तपासून दाखवावं लागतं. गारखेड्यातलं एक घर तर आमच्या पोरांनी इतकं तपासलंय, की एव्हाना त्याच्या भिंतींनाही एम.डी. मिळायला हवी होती.

परवा सरावासाठी एका विद्यार्थिनीला तिथं नेलं. तिनं तोंड उघडायच्या आत घरच्या मावशी सुरू झाल्या, "पाणी उकळून पितो, मीठ कमी खातो, बीपी नॉर्मल. लिव्ह माय पटापटा."

आणि पोरीनं लिहिलंसुद्धा!

"अगं, पट्टा तरी बांध!" मी ओरडलो.

"सर, मावशींचं कायम नॉर्मलच असतं."

मग मीच बांधला. यंत्रातला पारा असा उसळला, की छताचा पत्रा फोडतो की काय! माझे उरलेसुरले केस ताठ उभे राहिले. दुसऱ्या हातावरही तेच.

"मावशी, डोकं दुखतं का?"

"लई. कालपासून डोळ्यापुढं अंधारी बी येतीय."

"मग बोलला का नाही?"

त्या माझ्यावरच खेकसल्या, "व्हय, बोलते! घरात आजार निघाला तर लेकरं नापास नाय व्हणार? आजवर एकबी नापास होऊ दिलं नाय म्या!"

याच घरातून पास होऊन गेलेले सगळे डॉक्टर डोळ्यांपुढून सरकले.

पोरीनं कागद खाली टाकला आणि मावशींचा हात धरला. "उठा मावशी, दवाखान्यात जाऊ. मी नापास झाले तरी चालेल."

रिक्षात बसेपर्यंत मावशी तिच्याशी भांडत होत्या, "आधी नॉर्मल लिव्ह, मंग येते."