रोज जेवायला येणारा घरमालक

सिंगापूरच्या चोआ चू कांग वस्तीतलं ते प्रकरण आठवलं की मला आजही हसू येतं, आणि त्यातल्या एका तरुण मुलीचा रडवेला चेहरा आठवला की लगेच थांबतंही. नोकरीत मी चोर पाहिले, ठग पाहिले, बायकोच्या नावाने स्वतःलाच धमकीची पत्रं लिहिणारा एक महाभागही पाहिला. पण तीन साधी, सरळ माणसं माझ्यासमोर बसून तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतायत आणि तिघांच्याही मनात पाप नाही, असं तेवढं एकदाच घडलं.

आधी माझ्याबद्दल थोडं. माझे वडील नोकरीसाठी सिंगापूरला आले, मी इथेच जन्मलो आणि इथल्याच पोलिसात निवृत्तीपर्यंत राहिलो. घरी आई सातारची, त्यामुळे मराठी पक्की. डिव्हिजनमध्ये मराठी येणारा मी एकटाच. मराठी आडनावाची फाइल आली की साहेब न वाचताच माझ्या टेबलावर टाकत. ही फाइलही तशीच आली.

प्रकरण घरभाड्याच्या सरकारी मदतीचं होतं. नवीन सरकारी फ्लॅटसाठी नंबर लागलेला असतो, पण इमारत उभी राहायला वेळ लागतो. तोवर एखाद्या कुटुंबाने खाजगी मालकाचा फ्लॅट भाड्याने घेतला, तर सरकार दरमहा भाड्याचा काही भार उचलतं. अट सोपी आहे. त्या कुटुंबाने तिथे खरोखर राहायचं, आणि पूर्ण फ्लॅट भाड्याने दिला असेल तर मालकाने तिथे राहायचं नाही. कागदावर भाडेकरू आणि घरात मालक, असं निघालं तर मदत बंद, खोटी माहिती दिल्याचा गुन्हा, आणि नंबर लागलेल्या नव्या फ्लॅटवरही पाणी.

खबर दिली समोरच्या दारातल्या आंटीने. आमच्याकडे कॅमेरे पुष्कळ आहेत, पण कॉरिडॉरमधल्या आंटीची सर एकालाही नाही. इथल्या बोलीतला 'ला' वाक्याला जोडत तिने फोनवर सांगितलं, "ओनर कुठे गेलाच नाही, ला! रोज संध्याकाळी आत असतो. बनियनवर बसून जेवतो. मी डोळ्यांनी बघते."

आम्ही तिघांना चौकशीला बोलावलं. भाडेकरू मराठी जोडपं होतं. नवरा एका छोट्या कंपनीत अकाउंटंट, इथेच शिकलेला. बायको पुण्याची, लग्न करून आलेली आणि दिवस भरत आलेले. घरमालक म्हणजे एक वयस्कर चिनी विधुर, ज्यांना सगळा ब्लॉक अंकल म्हणायचा.

नियमाप्रमाणे तिघांचे जबाब वेगवेगळ्या खोल्यांत. नवऱ्याला मी घेतलं.

"घरमालक तुमच्याकडे येतात?"

"अजिबात नाही सर. भाडं बँकेतून जातं. भेटच होत नाही."

एसी चालू होता आणि हा घामाने थबथबलेला. मी पाणी पुढे केलं, तर ग्लास धरता येईना. चाळीस प्रश्न विचारून कळत नाही ते कधी कधी एका पाण्याच्या ग्लासात कळतं. हा धडधडीत खोटं बोलत होता.

शेजारच्या खोलीत माझी सहकारी, एक हुशार मलय सार्जंट, बायकोचा जबाब घेत होती. ती बाहेर आली ती डोक्याला हात लावूनच.

"सर, ती म्हणते अंकल रोज येतात. काल त्यांना बटाट्याची भाजी फार आवडली. पुन्हा कधी करू, असं मलाच विचारतेय!"

आणि अंकल? ते खुर्चीत मांडी घालून ऐटीत बसले होते. त्यांनी सांगितलं, "मी पाइप बघायला जातो."

"रोज?"

"ओल्ड पाइप, ला."

"रोज बरोब्बर जेवायच्या वेळी?"

"तेव्हाच गळतो," अंकल म्हणाले. पापणीसुद्धा हलली नाही. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या!

एक नाही म्हणतो, एक हो म्हणते, तिसरा पाइप दाखवतो. कुठल्याही अधिकाऱ्याला काय वाटेल? जबाब पढवायचे राहून गेले आणि बिंग फुटलं. सार्जंटने तर गुन्ह्याची कलमंसुद्धा मनात लावून टाकली होती.

निघताना त्या गरोदर मुलीने माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि तिथेच थांबली. "काका, तुम्ही मराठी? काका, आमचं घर जाईल का हो? बाळाचा पाळणा कुठे टांगायचा तेसुद्धा आम्ही नकाशात ठरवून ठेवलंय."

"मी इथे काका नाही, तपास अधिकारी आहे," मी म्हणालो. म्हणालो खरं, पण तिच्याकडे न बघता. माझी धाकटी मुलगीही तेव्हा तिच्याच वयाची होती.

दोन दिवस जाऊ दिले आणि मग संध्याकाळी न कळवता आम्ही त्या फ्लॅटवर गेलो. दार उघडं, फक्त लोखंडी जाळी ओढलेली. आत भाजणीच्या थालीपिठाचा वास असा सुटला होता की सार्जंटनेही एकदा खोल श्वास घेतला. टेबलाशी अंकल. अंगात बनियन, पुढ्यात ताट. आंटीने सांगितलेलं हुबेहूब दृश्य.

"सर, सापडला," सार्जंट कुजबुजली.

"थांब जरा."

त्या मुलीने तव्यावरून थालीपीठ उचललं आणि अंकलकडे गेली. "अंकल, वन मोर. बरं, हाफ. माझ्यासाठी हाफ!" अंकलनी दोन्ही तळहात ताटावर आडवे धरले आणि ओरडले, "नो, नो, बास, बास!" तिने बोटांच्या फटीतून अर्धं थालीपीठ सरकवलंच, वर लोण्याचा गोळा. तेवढ्यात नवरा उठला, ओट्यापाशी गेला, स्वतःच्या हाताने वाढून घेतलं, परत येऊन बसला. त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी सार्जंटला बाजूला घेतलं. "हा माणूस इथे राहत नाही."

"पण सर, तो तर जेवतोय!"

"जेवतोय म्हणूनच सांगतो. आमच्यात घरच्या माणसाला कुणी आग्रह करत नाही. भूक असेल तर घेईल, नाहीतर उठेल. आग्रह फक्त पाहुण्याला. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या बायकोने शेवटचा आग्रह मला कधी केला ते आठवत नाही. पण तुझं ताट ती रिकामं राहू देणार नाही."

आता आग्रह हा काही पुरावा नव्हे. साहेबांपुढे अर्धं थालीपीठ ठेवलं असतं तर त्यांनी खाऊन टाकलं असतं आणि माझी बदली केली असती. म्हणून मी जाळी वाजवली, आत गेलो आणि अंकलना एकच विचारलं, "झोपता कुठे?"

अंकलचा चेहरा पहिल्यांदा पडला. "मला जेलमध्ये टाका. चालेल. पण माझ्या मुलीला सांगू नका."

मुलगी! ती पलीकडच्याच ब्लॉकमध्ये राहत होती, पेशाने नर्स. अंकल तिच्याकडे राहत होते. ब्लड प्रेशरमुळे तिने त्यांना बिनमिठाच्या पेजेवर आणि उकडलेल्या पालेभाजीवर ठेवलं होतं. रोज संध्याकाळी तब्येतीसाठी चालायला जातो, असं सांगून हे महाशय इथे येऊन जेवत होते.

आणि सुरुवात कशी झाली? किल्ल्या देऊन अंकल निघाले, तेव्हा आमच्या पुणेकरीण बाईंनी दार लावता लावता म्हटलं होतं, "अंकल, कधीही जेवायला या हं!" आपल्याकडे निरोप घेताना असं म्हणायची पद्धत आहे. ऐकणाराही "येऊ की" म्हणतो आणि येत नाही. अंकलना ती पद्धत कोण सांगणार? ते दुसऱ्याच दिवशी हजर.

"पहिल्या दिवशी मी चक्रावलेच," ती म्हणाली. "घरात फक्त वरणभात होता. पण काका, इतकं मन लावून जेवले, की मग मीच त्यांची वाट बघायला लागले. हे ऑफिसात, आई पुण्याला. दिवसभर बोलायला दुसरं कोण होतं?"

नवऱ्याने मान खाली घातली. मालकाने राहायचं नाही हे वाचून त्याने अर्थ लावला होता की मालकाची सावलीसुद्धा पडता कामा नये. मी त्याला चांगलाच झापला. "अहो, पोलिसाला खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी सुटला असता! जेवायला येणं हा गुन्हा नाही. खोटा जबाब देणं आहे." बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी नवा, खरा जबाब दिला.

अंकलच्या मुलीच्या घरी जाणं भागच होतं. तिथे अंकलची खाट, औषधं, रेडिओ, चष्मा, सगळं होतं. तिच्या शेजाऱ्यांनीही दुजोरा दिला. ती मात्र थक्क. "पा रोज चालायला जातात म्हणून मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होते. आणि वजन वाढतंय म्हणून डॉक्टर बदलला!" ती तशीच तरातरा फ्लॅटवर गेली. मला वाटलं आता दुसरी फाइल उघडावी लागणार. तासाभराने पाहतो तर दोघी बायका मिठाच्या बरणीवर वाटाघाटी करतायत आणि अंकल बापुडवाणे मध्ये बसलेत. ठरलं ते असं: जेवायला यायचं, मीठ निम्मं, लोणी बंद, आणि येताना खरोखर चालत यायचं, तेही लांबच्या वाटेने.

मी अहवाल लिहिला, मदतीच्या बाबतीत गुन्हा घडलेला नाही, नवऱ्याने जबाब दुरुस्त केलाय, त्याला ताकीद पुरे. मदत चालू राहिली, फ्लॅटचा नंबर राहिला.

त्या प्रकरणाने मला एक शिकवलं. तोवर खोटं बोलणाऱ्याला मी विचारायचो, का खोटं बोललास? त्यानंतर विचारू लागलो, कुणाला भितोस? नवरा नियमाला भीत होता, अंकल मुलीला. आम्हा वर्दीवाल्यांना वाटतं सगळं जग आम्हालाच भितं. त्या म्हाताऱ्याच्या हिशेबात तर मी कुठे नव्हतोच!

मी निवृत्त झालो त्याच सुमारास तिचा फोन आला. मागे लहान मुलीचा आवाज.

"काका, नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या!"

मला इतका आनंद झाला की बायकोला हाक मारून फोन स्पीकरवर टाकला. मग विचारलं, "आणि अंकल? तुमचं घर तर बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला."

"सकाळपासून इथेच आहेत. ओटा लहान आहे म्हणून कंत्राटदाराशी भांडतायत." ती हसली. "त्यांच्यासाठी एक खाट घेतलीय काका. आता घर आमचं आहे. आता ते इथे राहिले तरी चालेल ना?"