होई आनची दालचिनी

शहागंजातल्या मसाल्याच्या दुकानात दालचिनीचा वास आला आणि जुनी एक दुपार आठवली. धाकटी बहीण सुनंदा व्हिएतनाम फिरून आली होती. आम्ही दोघी वर्षाच्या येसुराचा मसाला भाजत होतो.

"ताई, होई आन लई मोठं बंदर होतं. नदी गाळानं भरली, जहाजं यायची थांबली, म्हणून जुनं गाव तसंच राहिलं बघ."

"माहितंय मला," मी म्हणाले. शाळेत इतिहास मी शिकवायची. पासपोर्टही माझाच आधीचा, अजून कोरा.

तिथून आणलेली तिची दालचिनी मी मुद्दाम येसुरात टाकली नाही. वर्षभर घरातले म्हणत राहिले, "यंदा काहीतरी कमी पडलंय."

खरं तर होई आनचं नावही मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं होतं. आज फोन करून नीट विचारावं म्हटलं, तर सुनंदा जपानला गेलीय.