सुभानरावांची रकाबी

इंग्लंडातल्या इस्पितळात शालिनीने तीस वर्षे माणसांना गिळायला शिकवले. पक्षाघातानंतर साधे पाणीही ठसका आणते. अशांना घोट नव्याने शिकवायचा, हे तिचे काम. निवृत्त होऊन ती अकोट्याच्या आपल्या घरी परतली, आणि दुसऱ्याच दिवशी शेजारची अवंती डोळे पुसत दारात उभी.

"शालूताई, पक्षाघात झाल्यापासून यांना पातळ काही उतरत नाही. पुन्हा छातीत गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल, म्हणाले डॉक्टर."

अवंतीचे यजमान सुभानराव रिफायनरीत नोकरी केलेले, चहाशिवाय न चालणारे गृहस्थ. शालिनीने तिकडून आणलेला खास कप काढला. पिताना मान मागे जाऊ नये म्हणून त्याच्या काठाला नाक मावेल एवढी मोठी खाच होती. सुभानरावांनी तो एका हाताने फिरवून पाहिला.

"फुटका कप?" त्यांचे शब्द जड येत. "आमच्याकडे... असला... फेकतात."

"फुटका नाही भावोजी, मुद्दाम कापलाय."

"मग इंग्रज... येडे."

अवंती ओशाळली. "खरंच हो ताई, फुटक्या भांड्यातून आजारी माणसाला कसं पाजायचं?"

शालिनीने समजावून पाहिले. सुभानरावांनी ओठ मिटले ते मिटलेच. एवढी वर्षे परक्यांना शिकवले आणि शेजारच्या घरात आपला पाड लागू नये, याचे तिला फार वाटले.

अवंतीने तिच्यापुढे चहा ठेवला, स्वतःचा रकाबीत ओतला, फुंकर घातली आणि ओठ लावले. शालिनी बघतच राहिली. मान पुढे, हनुवटी छातीकडे, घोट इवलासा. हेच तर ती आयुष्यभर खुणा करकरून शिकवत आली होती!

"अवंती, अजून एक रकाबी आण."

तिने सुभानरावांना ताठ बसवले, पाठीशी उशी दिली, रकाबीत जेमतेम दोन चमचे चहा ओतला.

"हनुवटी खाली. इतकाच घोट. गिळा. आता नुसतंच गिळा."

तिची बोटे त्यांच्या गळ्यावर होती. कंठ वर गेला, खाली आला. ठसका नाही.

"बोला काहीतरी, भावोजी." घशात चहा राहून आवाज ओला येतो का, हे तिला ऐकायचे होते.

सुभानरावांनी जिभेने ओठ चाटले. मग स्वच्छ कोरड्या आवाजात म्हणाले, "साखर... कमी."

अवंती तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, कळेना.

नळी घालावी लागली नाही. आता शालिनी वाघोडियाच्या दवाखान्यात आयाबायांना रुग्णाला असे पाजणे शिकवायला जाते. पिशवीत रकाब्या असतात. खाचेचा कप तिने कपाटात ठेवून दिला आहे. सुभानराव अजून त्याला फुटकाच म्हणतात.